यापाचं कूळ

वेल्समधल्या आमच्या ब्रिनहेलीत नवख्या माणसाला चहा देण्याआधी तो कुणाचा कोण, ते विचारून घेतात. आईकडून कुठला, बापाकडून कुठला, कुठल्या मळ्यावरचा, कुठल्या चॅपलला जाणारा. एवढं जुळलं की मग साखर किती घालू, हे विचारायला लोक मोकळे होतात. तेगवेनबाई हीच चौकशी शब्दांची करत. शब्द कितीही उपयोगाचा असो, त्याचे आईबाप कळल्याशिवाय त्या त्याला घरात घेत नसत.

लॅटिनमधून आलेल्यांना त्यांनी सूट दिली होती. पूल, खिडकी, पुस्तक यांचे आमचे वेल्श शब्द मुळात रोमन शिपायांबरोबर आले हे त्यांना ठाऊक होतं, पण दोन हजार वर्षं गावात राहिलेल्याला परका म्हणणं त्यांना असभ्य वाटे. इंग्रजीतून आलेल्यांना मात्र दयामाया नव्हती. वसंतात आमच्याकडे आइस्टेदवोद भरतो, म्हणजे गाण्याचा, पाठांतराचा आणि निबंधांचा मेळा. त्यात निबंधाच्या परीक्षक वर्षानुवर्षं बाईच, आणि एका परक्या, म्हणजे इंग्रजी, शब्दाला अर्धा गुण कापायचा ही त्यांची रीत. एका साली मोटारदुरुस्तीवर लिहिणाऱ्या एका बिचाऱ्याला शून्याच्याही खाली गुण मिळाले. त्याने पुढे गाव सोडलं. गॅरेज चालत नव्हतं म्हणून सोडलं, असं बाई म्हणत.

ही जाण आपल्यात उपजतच होती, असंही त्या सांगत. शाळेच्या प्रत्येक नव्या वर्गाला त्या एक गोष्ट ऐकवायच्या: “मी सात वर्षांची होते, तेव्हा माझ्या आजीच्या बोलण्यातल्या चुका काढायचे.” पोरं कौतुकाने बघायची. निदान बाईंना ते कौतुक वाटायचं.

आजीला आमच्याकडे नाइन म्हणतात. बाईंची नाइन, मार्गेड नावाची, काळ्या बेरीचा मुरंबा करण्यात परगण्यात पहिली होती. पावाच्या तुकड्यावर ती दोन चमचे मुरंबा लावायची, थांबायची, नातीकडे बघायची आणि तिसरा चमचा घालून म्हणायची, “यापा.” मग चमचा बरणीच्या काठावर दोनदा टकटक आपटायची आणि नातीच्या कानाशी लागून म्हणायची, “कुणाला सांगू नकोस हं.” यापा म्हणजे मापावर घातलेलं थोडं जास्तीचं. हा शब्द वेल्समध्ये दुसरीकडे कुठेच नव्हता. छोट्या तेगवेनने तिसऱ्या चमच्याचं गुपित पाळलं, पण शब्द तिने पुढे शाळेत नेला. बाई झाल्यावर ती सुंदर अक्षराला अर्धा गुण यापा म्हणून देऊ लागली. ती पोरं मोठी झाली, दुकानांच्या गल्ल्यावर बसली, आणि बघता बघता अख्खं गाव यापा देऊ-घेऊ लागलं. शेवटी वेशीवरच्या पाटीवर लोकांनी ‘ब्रिनहेली, यापाचं गाव’ असं रंगवून टाकलं.

त्याचं कूळही बाईंनीच लावून दिलं. परगण्याच्या मासिकात त्यांनी लेख लिहिला: निरोगी माणसाला आमच्यात ‘याख’ म्हणतात, त्या अतिप्राचीन शब्दाचा यापा हा थेट वंशज. ‘ख’चा ‘प’ कसा झाला हे समजावताना लेखाचं पान भरून वाहिलं, यावरून काय ते ओळखावं. पण गावात कुणी शंका काढली नाही. ज्याचं घराणं बाईंनी सांगितलं त्याला आणखी काय विचारायचं?

नाइनचं घराणंही असंच ठरलेलं होतं. ती बाला गावाकडची. तिकडचा कुठला मळा, असं कुणी विचारलं की बाईंची आई विषय मेंढ्यांवर नेत असे, आणि आमच्याकडे विषय एकदा मेंढ्यांवर गेला की परत येत नाही.

त्या वर्षी निबंधाचा विषय बाईंनीच दिला होता: ‘आपल्या भागातला एक शब्द, त्याचा उगम आणि वंश’. मुदत संपली त्या दिवशी एमलिन निबंध घेऊन आला. एमलिन म्हणजे गावचा खाटीक, मेळ्याचा सेक्रेटरी आणि बाईंचा जुना विद्यार्थी. निबंध त्याने मटणाच्या कागदात गुंडाळले होते.

“बाई, दोन आलेत.”

“दोनच?”

“मागल्या वर्षी एक होता. दुप्पट झाले म्हणा की.”

आमच्या मेळ्यात निबंधावर खरं नाव घालत नाहीत, टोपणनाव घालतात. खरं नाव वेगळ्या बंद पाकिटात, आणि ती पाकिटं सेक्रेटरीच्या कपाटात. निकालाच्या दिवशी परीक्षक व्यासपीठावरून टोपणनाव पुकारतो आणि जिंकणारा सभेत उभा राहतो. मग त्याचं एकट्याचं पाकीट उघडून खात्री करतात. बाकीची न उघडता चॅपलच्या शेगडीत जातात, हरलेल्याला गावात मान वर करून फिरता यावं म्हणून. गाव एवढंसं असल्यामुळे कोण हरलं हे सगळ्यांना कळतंच, पण पाकिटं जाळतात जरूर. आणि परीक्षकाला वाटलंच तर तो ‘कुणीच लायक नाही’ असंही जाहीर करू शकतो. मग सगळीच पाकिटं शेगडीत.

पहिला निबंध ‘पहाडाचा पुत्र’ याचा होता, चीज या विषयावर. चीजचा आमचा शब्द लॅटिनमधून आला, एवढं सांगायला त्याने बायबलपासून सुरुवात केली होती. बाईंनी त्याला साठ गुण दिले आणि चहा केला. दुसऱ्या निबंधावर टोपणनाव होतं ‘तिसरा चमचा’. बाईंनी चहा तसाच ठेवला.

निबंध यापावर होता. यापा हा शब्द वेल्श नाही, असं पहिल्याच वाक्यात लिहिलं होतं. तो दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाच्या डोंगरात राहणाऱ्या केचुआ लोकांचा. भर घालणं, असा त्याचा अर्थ. स्पॅनिश लोकांनी तो त्यांच्याकडून उचलला. अर्जेंटिनाच्या दुकानादुकानांतून तो दक्षिणेला पातागोनियात उतरला. तिथे नदीकाठी आपल्या वेल्श लोकांनी वसाहत केली होती, त्यांच्या तोंडी तो बसला. आणि तिथून मार्गेड नावाची एक तरुण मुलगी तो ब्रिनहेलीला घेऊन आली. ही मुलगी तिकडेच जन्मलेली. बोटीवर सुतारकाम करणाऱ्या ब्रिनहेलीच्या एका माणसाबरोबर ती आली, आणि त्यांचं लग्न लागलं ते बोट किनाऱ्याला लागल्यावर. शेवटी लिहिणाऱ्याने लिहिलं होतं की तिसरा चमचा घातल्यावर ती तो बरणीच्या काठावर दोनदा टकटक आपटायची.

बाईंनी निबंध पुन्हा वाचला. चूक शोधण्यासाठी वाचला. एकही सापडली नाही. भाषा स्वच्छ, जरा जुन्या वळणाची, हल्ली कुणी बोलत नाही तशी.

बाईंना राग आला. आधी लेखाचा आला, मग बोटीचा आला, आणि सगळ्यांत जास्त आला तो त्या टकटकीचा. लेख कुणीही खोडून काढावा. बोटीची बातमी कुठल्या तरी बंदरातून कुणी खोदून काढावी. पण चमच्याचा आवाज स्वयंपाकघरात बसल्याशिवाय ऐकू येत नाही. त्या स्वयंपाकघरात कोण कोण बसलं होतं? आई गेली. भाऊ गेला. शेजारची केरीस, तीही गेली. महायुद्धात शहरांवर बॉम्ब पडत होते तेव्हा लिव्हरपूलहून इकडे पोरं पाठवली होती, त्यातला एक घरात होता खरा, पण त्याला मोजण्यात अर्थ नव्हता. आला तेव्हा त्याला वेल्शमध्ये पाव मागता येत नव्हता, आणि परत गेला तेव्हा बाई गोवर निघून अंथरुणात होत्या.

‘कुणीच लायक नाही’, हे त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं. नाइनची अब्रू, गावाची पाटी आणि स्वतःचा लेख, सगळं एका वाक्याने वाचणार होतं. वाक्य त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहूनही टाकलं. लिहून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की मग ते पाकीट शेगडीत जाणार. नाइनला एवढं जवळून ओळखणारं आणखी एक माणूस जगात होतं, आणि ते कोण हे त्यांना मरेपर्यंत कळणार नव्हतं. हे त्यांना मुळीच सोसवेना. तेव्हा पाकीट न उघडता नाव काढून घ्यावं, असा विचार करून त्या टोपी घालून निघाल्या.

आधी एमलिनचं दुकान.

“एमलिन, पाकिटं नीट आहेत ना?”

“कपाटात आहेत. किल्ली माझ्याकडे.”

“तिथे ओल येत असेल.”

“बाई, ते कपाट माझ्या आजोबांनी केलंय. त्याला ओल आली तर म्हातारा कबरीतून उठून येईल.”

“टपालाने आलं असेल तर शिक्का पाहिला असशील तू.”

“मी खाटीक आहे बाई. मी वजन बघतो.” एमलिनने मटण तोललं, कागदावर ठेवलं आणि वर एक सॉसेज टाकला. “हा यापा.”

“नको.”

एमलिनने सुरी खाली ठेवली. “बरं वाटत नाही का तुम्हाला?”

“मला यापा नको आहे, एवढंच.”

संध्याकाळपर्यंत गावभर झालं की बाईंची तब्येत ढासळली. शेजारच्या दोघींनी सूप आणून दिलं.

मग उरले पाळक इदवाल. चॅपलचे पाळक मूळचे बालाकडचे, आणि शब्दांची मुळं उकरायची त्यांना फार हौस. बाईंचा संशय त्यांच्यावर पक्का होता. त्यांनी पाळकांना चॅपलच्या फाटकात गाठलं.

“पाळकसाहेब, तुम्हाला मुरंबा आवडतो का?”

“डॉक्टरांनी बंद केलाय. का हो?”

“सहज. दक्षिण अमेरिकेबद्दल तुमचं काय मत आहे?”

“लांब आहे,” पाळक म्हणाले. मग हातातली हॅट फिरवत जरा घुटमळले. “बाई, मी काही स्पर्धेत भाग घेतलेला नाही. पण समजा घेतला असता, तर चीजसारख्या विषयात लॅटिनच्या पलीकडे माणसाने काय लिहावं, तुम्हीच सांगा.”

“साठ,” बाई म्हणाल्या.

“काय साठ?”

“काही नाही. तुम्ही भाग घेतलेला नाही ना?”

“छे छे,” पाळक म्हणाले आणि त्यांचा चेहरा उतरला. जाता जाता ते वळले. “हां, ते राहिलंच. तुमच्या नाइनचा मळा मी बालात विचारला होता. कुणालाच माहीत नाही. बालाच्या लोकांना एखादी गोष्ट माहीत नाही, असं मी पहिल्यांदा पाहिलं. तेव्हा मी आपला गप्प बसलो.”

बाईंनीही गप्प बसायचं ठरवलं. मेळ्याच्या दिवशी त्यांच्या बॅगेत दोन कागद होते. एकावर ते एक वाक्य, दुसऱ्यावर खरा निकाल. दुसरा कागद त्यांनी कशासाठी लिहिला होता, हे त्यांनी स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

चॅपलच्या मागच्या हॉलमध्ये मेळा भरला. लहान पोरांनी एकच कविता ओळीने म्हटली आणि प्रत्येकाच्या आईने डोळे पुसले. मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यावरचं गाणं दोन गड्यांनी तारस्वरात म्हटलं. चहाची टाकी मागे फुसफुसत होती. शेवटी एमलिनने पुकारलं, “निबंध. परीक्षक, तेगवेनबाई.” बाई व्यासपीठावर चढल्या, चष्मा लावला आणि बॅगेत हात घातला. हाताला पहिला कागद लागला.

“या वर्षीच्या निबंधांपैकी,” त्यांनी वाचलं, आणि थांबल्या.

वाक्यातले शब्द थोडेच उरले होते. बाईंनी सभेकडे पाहिलं. पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या सोडल्या तर सगळे त्यांचेच विद्यार्थी, नाहीतर विद्यार्थ्यांची पोरं. मागच्या बाकांवर शेजारच्या गावांहून आलेले पाच-पंचवीस पाहुणे. यांतल्या कुणाच्या तरी कानात तो चमचा वाजत होता. त्यांनी कागद घडी करून परत बॅगेत टाकला आणि दुसरा काढला.

“दोन निबंध आले. चीजवरचा निबंध अभ्यासपूर्ण आहे आणि संपतोही. दुसरा यापावर आहे. यापा हा शब्द पेरू देशातून आलेला आहे, असं त्यात म्हटलं आहे, आणि ते बरोबर आहे. त्यावर मी पूर्वी एक लेख लिहिला होता, तो चूक आहे.”



“पेरू?” एमलिन उठून म्हणाला. “बाई, पाटीला आत्ताच रंग दिलाय!”

“खाली बस, एमलिन. तो शब्द माझ्या नाइनने पातागोनियातून आणला. ती बालाची नव्हती. ती बोटीतून आली, आणि तिचं लग्न,” बाई घोटभर पाणी प्यायल्या, “तिचं लग्न उतरल्यावर झालं.”

पुढच्या बाकावर मेरिअन बसल्या होत्या, गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या. त्या म्हणाल्या, “ते माहीत होतं की आम्हाला.”

बाईंना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. “माहीत होतं?”

“आमच्या आया सांगायच्या. बोटीचं नावसुद्धा सांगायच्या.”

“मग मला कुणी बोललं का नाही?”

“तू कधी विचारलंस?” मेरिअन शांतपणे म्हणाल्या. “तू सांगत होतीस. आम्ही ऐकत होतो.”

बाईंनी कागद पुन्हा डोळ्यांसमोर धरला आणि पुढचं वाचलं. “या निबंधात भाषेची एकही चूक नाही. नियमाप्रमाणे परक्या शब्दाला अर्धा गुण कापला आहे. परका शब्द एकच आहे, यापा. तेव्हा साडेनव्व्याण्णव.” त्या जरा थांबल्या. “आणि अर्धा गुण यापा म्हणून दिला आहे. ‘तिसरा चमचा’ सभेत हजर असेल तर त्याने उभं राहावं.”

अशा वेळी आमच्याकडे सगळे एकदम माना वळवतात, कारण बघण्यासारखं तेवढंच असतं. मागच्या रांगेत बाक करकरलं. उंटाच्या रंगाचा भारी कोट घातलेला, टकलू, चांगला ऐसपैस माणूस उभा राहिला. त्याला कुणीच ओळखलं नाही. बाईंनीही नाही.

एमलिनने पाकीट फोडलं. “क्रॉली. नॉर्मन क्रॉली. लिव्हरपूल.”

“लिव्हरपूल?” दोन-तीन जण एकदम म्हणाले. पेरू एक वेळ चालला असता.

जिंकणाऱ्याच्या गळ्यात आमच्याकडे मखमलीची छोटी पिशवी घालतात, आत बक्षिसाचे पाच पौंड. पिशवीची फीत शाळकरी डोक्याच्या मापाची असते. एमलिनच्या मुलीने ती नॉर्मनच्या टकलावरून खाली ओढली आणि ती कानांवर अडकली. तो तसाच उभा राहिला, खूश होऊन. मेरिअननी मान मागे वळवून त्याला खालून वरपर्यंत न्याहाळलं आणि रीतीप्रमाणे विचारलं, “कुणाचे कोण म्हणायचं तुम्ही?”

“मार्गेडचा,” नॉर्मन म्हणाला. “लढाई होती तोवर.”

त्याचं वेल्श ऐकून पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या एकमेकींकडे बघू लागल्या. मार्गेडच बोलत होती. आवाज तेवढा लिव्हरपूलचा होता.

मेळा संपल्यावर बाई त्याला घरी घेऊन आल्या. घर तेच, स्वयंपाकघर तेच, टेबलही तेच. नॉर्मन न सांगता खिडकीजवळच्या खुर्चीवर बसला, जिच्यावर तो तेव्हा बसायचा. बाईंना ते आत्ता आठवलं. पिशवी अजून त्याच्या गळ्यात होती.

“टेबल लहान झालंय गं, तेग.”

बाईंना तेग म्हणणारं गावात आता कुणी उरलं नव्हतं. “तुम्ही करता काय?” त्यांनी विचारलं.

“करत होतो. बोटींचे विमे. बोट बुडाली की मी जायचो आणि पैसे का देता येत नाहीत ते समजावून सांगायचो. फार नाव होतं माझं.” त्याने कोट काढून शेजारच्या खुर्चीवर बसवला. “एकदा अर्जेंटिनात गेलो होतो, रोसारियोला. तिथल्या फळवाल्याने पीच तोलले, वर दोन टाकले आणि म्हणाला, यापा. मी आनंदाने त्याच्याशी वेल्शच बोलायला लागलो. त्याने पोलीस बोलावला.”

“मग?”

“पोलिसालाही वेल्श येत नव्हतं. पण तेव्हा मला नाइनचं बोलणं सगळं आठवलं. बोट, वारा, नदीकाठचं घर. सुट्टी काढून दक्षिणेला त्या नदीवर गेलो. तिथे घराघरांत वेल्श बोलतात. आणि यापा देतात.”

बाई किटलीशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. “म्हणजे तिने तुला सांगितलं होतं.”

“मी रडायचो ना रात्रीचा. तू झोपलेली असायचीस. ती मला इथे खाली आणायची, पाव द्यायची. दोन चमचे मुरंबा, मग तिसरा. म्हणायची, ‘कुणाला सांगू नकोस हं.’”

“मलाही म्हणायची,” बाई म्हणाल्या. हे बोलताना त्यांना लाज वाटण्याइतकं वाईट वाटलं. साठी उलटल्यावर मुरंब्याच्या चमच्यावरून हेवा वाटावा, हे त्यांना पटत नव्हतं, पण वाटला खरा.

“मग म्हणायची, ‘गप, नॉर्मन, मी तुझ्याहून लांबून आलेय.’ आणि सांगत बसायची. सुरुवातीला मला निम्मं कळायचंच नाही. तेव्हा वेल्श कुठे येत होतं मला?”

“म्हणूनच सांगितलं असेल. तुला कळणार नाही म्हणून.”

“तेही असेल.” नॉर्मनने पिशवीशी चाळा केला. बुडालेल्या बोटींच्या मालकांना तोंडावर नाही म्हणणारा माणूस, पण त्याने आता खिडकीबाहेर बघितलं. “मी एकदा विचारलं होतं तिला. तेगवेनला का नाही सांगत तू हे सगळं?”

“काय म्हणाली?”

“जाऊ दे. सात वर्षांची पोर होतीस तू.”

“नॉर्मन.”

“म्हणाली, ती चुका काढते.”

किटली उकळायला लागली. बाईंनी ती उतरवली नाही.

“तिच्या तोंडून तिकडचा एखादा शब्द निघाला की तू म्हणायचीस, ‘नाइन, असं नाही म्हणत.’ मग ती तो पुन्हा काढायची नाही. चमच्याला तिचा एक शब्द होता, साखरेला एक होता, चुलीजवळच्या बाकाला एक होता. एकेक करून गेले सगळे. यापा तेवढा राहिला.” नॉर्मन हसला, पण फार नाही. “ती म्हणायची, याला मुरंब्याने वाचवलं.”

बाईंनी किटली उतरवली. आयुष्यभर जी गोष्ट त्यांनी वर्गावर्गांतून कौतुकाने सांगितली, तिची दुसरी बाजू या टेबलाच्या पलीकडे बसून होती आणि त्यांनी कधी तिकडे बघितलंच नव्हतं. नाइन नुसती गप्प होत गेली होती, आणि आपण समजलो होतो की ती सुधारते आहे. बाई खुर्चीवर बसल्या. रडल्या. नॉर्मनने त्यांच्या हाताशी रुमाल सरकवला आणि खिडकीतून मेंढ्या मोजल्यासारखं केलं.

मग बाईंनी पाव कापला, बरणी उघडली आणि चमचा हातात घेतला.

“याला काय म्हणायची ती?”

“चमच्याला? कुचारा.”

नॉर्मनचा उच्चार धड नव्हता, एवढं बाईंच्या कानाला कळलं. त्यांनी तोंड उघडलं.

“कुचारा,” त्या म्हणाल्या, अगदी त्याच्यासारखंच. मग त्यांनी साखरेचा शब्द विचारला.